शुक्रवारची वीण

१

भिवंडीत शुक्रवार कॅलेंडरात बघावा लागत नाही, तो कानांना कळतो. आठवडाभर कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट असा चालू असतो की तो आहे हेच कुणाच्या ध्यानात राहत नाही, आणि शुक्रवारी लूमना सुट्टी मिळाली की सगळं गाव एकदम गप्प होतं. पाहुण्यांना त्या दिवशी बरं वाटतं. इथल्या, टेमघरच्या माणसांना मात्र काहीतरी घरी विसरून आल्यासारखं होतं.

कमळा भोईरला शुक्रवार आवडायचा. त्या दिवशी ती परसातल्या झाडांशी मोठ्याने बोलायची. शेजारणी कुंपणापलीकडून ऐकायच्या आणि हसायच्या, पण कमळाला त्याचं काही नव्हतं. घरात बोलायला दुसरं होतं कोण? मुलगा मनोज सकाळी गोडाऊनवर जायचा तो जेवायला उगवायचा. आणि नवरा बोलत नव्हता.

केसरीनाथचे घरामागच्या गाळ्यात स्वतःचे लूम होते. उभी हयात त्याने त्यांच्यात काढली. गेल्या दिवाळीच्या तोंडावर चहाचा कप हातातून पडला आणि त्याची उजवी बाजू गेली. हात गेला, पाय गेला आणि जीभही गेली. बोलायचा तो आधीही कामापुरतंच, पण शिव्या तरी मोकळेपणाने द्यायचा. आता त्याही बंद झाल्या. मनोजने लूम भंगारात काढले आणि गाळा कुरियरवाल्याला भाड्याने दिला. त्यात त्याची काही चूक नव्हती, लूम चालवणार कोण होतं? पण टेम्पोत लूम चढले त्या दिवसापासून केसरीनाथ खिडकीशी बसला तो बसलाच. खिडकीबाहेर गाळ्याची भिंत होती. तो ती बघायचा.

व्यायाम करून घ्यायला रीमा नावाची मुलगी यायची. ती म्हणाली, "काकी, काकांच्या हाताला मऊ काहीतरी द्या. पीठ मळू दे, माती कालवू दे. कामात हात विसरून हलतो कधीकधी."

कमळाने आधी कणीक दिली. केसरीनाथने त्या गोळ्याकडे असं पाहिलं की तिलाच लाज वाटली. ज्याने जन्मात पाण्याचा पेला स्वतः भरून घेतला नाही, त्याच्यापुढे ती परात घेऊन बसली होती! मग तिला माती सुचली. परसात कुंड्या होत्या, रोपं होती, नव्हती ती सावलीत बसून काम करायची जागा.

तिला काय हवं होतं ते सांगायला लाजण्यासारखं काही नाही. तिला नवरा परत हवा होता. सगळा नसला तरी चालेल, निदान तो हात. मांडीवर परक्या माणसाच्या सामानासारखा पडून असलेला तो हात एकदा उठावा आणि त्याने तिला धरावं, एवढ्यासाठी ती शेड काय, ताजमहालही बांधायला निघाली असती.

२

"आई, ऑनलाइन मिळतात अशा शेड," मनोज म्हणाला. "प्लास्टिकच्या. दोन माणसं येतात, उभी करून जातात."

"आणि वारा आला का पडघ्याला जाऊन पडतात," कमळा म्हणाली. "न्हाय. मना विटांची पायजे. दार पायजे, वर पत्रे पायजे."

तिने कागदावर नकाशा वगैरे काढला नाही. सकाळी रांगोळीचा डबा घेतला आणि परसात, शेवग्याच्या पलीकडे, जमिनीवरच शेड आखून टाकली. इथे दार, उंबरा नको, खुर्चीचं चाक अडेल. इथे ओटा, त्याखालून खुर्ची सरकली पाहिजे. इथे पाण्याचा ड्रम, इथे फळ्या. मग केसरीनाथला चाकाच्या खुर्चीतून आणलं आणि रांगोळीच्या आत फिरवून बघितलं. वळताना एका कोपऱ्यात रांगोळी पुसली गेली, म्हणून तो कोपरा तिने बाहेर काढला. शेजारणींना वाटलं, घरात पूजा आहे.

परसाची ती बाजू पावसात तुंबायची, म्हणून आधी भरणी हवी होती. भिवंडीत भरणीशिवाय काही उभं राहत नाही. खाडीकडची अर्धी वस्ती कुणाच्या ना कुणाच्या पाडलेल्या घरावर उभी आहे. आणि त्याच सुमारास गल्लीच्या टोकाचा अब्दुर्रहमानभाईंचा कारखाना पाडला जात होता. केसरीनाथ आणि ते शाळेपासूनचे दोस्त. दोघांनी एकाच साली लूम घेतले, एकाच साली घाटा खाल्ला, आणि तरी आयुष्यभर एकमेकांच्या कापडाला नावं ठेवली.

"वहिनी, दार न्या, पत्रे न्या," अब्दुर्रहमानभाई म्हणाले. "भंगारवाल्याच्या घशात घालण्यापेक्षा केसरीच्या डोक्यावर राहतील. आणि ही माती बघा."

त्या जुन्या कारखान्याची जमीन मातीचीच होती. काळी, हाताला लोण्यासारखी. वर्षानुवर्षं लूमखाली पडलेला सुताचा भुगा तिच्यात कुजून मिसळला होता. कमळाने मूठ भरून दाबली आणि सोडली. माती हळूहळू पुन्हा फुगली. इतकी चांगली माती तिने माहेरी अकलोलीच्या मळ्यातही पाहिली नव्हती.

"आजोबांच्या वेळेपासून कापूस खातेय ती," ते म्हणाले. "एक काम मात्र वाईट झालं. शेवटच्या लूमवर अर्धा बीम होता, उभे धागे तसेच गुंडाळलेले. कापड पुरं करून, कापून उतरवल्याशिवाय आपण लूम जागचा हलवत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण गाडी रस्त्यात उभी, मागून हॉर्नवर हॉर्न. त्यांनी तसाच ओढला. धागे मातीत ओढत गेले. अर्धं कापड कुणी सोडतं का?"

कमळाने मान हलवली. केसरीनाथचाही तोच नेम होता. अर्धं कापड सोडून तो कुणाच्या मयतीलाही गेला नसता. म्हातारपणी माणसाला असल्या गोष्टी लागतात, असं तिला वाटलं, आणि तिने टेम्पोवाल्याला माती भरायला सांगितलं.

३

नवशा गवंड्याने शेड बांधली. भरणी घातली, चोपली, वर शहाबादी फरशा मांडल्या. कमळाने त्याचं डोकं खाल्लं, ओटा दोनदा पाडायला लावला, पण शेवटी शेड अशी झाली की नवशा स्वतः दारात उभा राहून विडी ओढत तिच्याकडे बघत राहिला. छपरात एक पारदर्शक पत्रा होता. त्यातून सकाळचा उजेड ओट्यावर पडायचा आणि आतली हवा दुधाळ दिसायची. ओल्या मातीचा वास, कोपऱ्यात झारी, फळीवर काळ्या पिशव्या. आत गेलं की माणूस आपोआप हळू बोलायचा.

केसरीनाथने पहिल्याच दिवशी डाव्या हाताने एक पिशवी भरली. वाकडीतिकडी भरली, अर्धी माती मांडीवर सांडली, पण भरली. कमळा बाहेर गेली, नळ सोडला आणि नळाच्या आवाजात रडून घेतलं.

उरलेली कारखान्याची माती तिने ट्रेमध्ये घातली आणि मिरचीचं बी टाकलं. टाकलं म्हणजे कसं, तर मूठभर घेऊन भिरकावलं. पेरायला बसायचा सोस तिला कधीच नव्हता. रोपं वर आली तेव्हा ती ओळीत आली. सरळ, सुतात. आडवं बघितलं तरी ओळ, उभं बघितलं तरी ओळ. कमळाने ट्रे फिरवला आणि तिरकं बघितलं. तिरकीही ओळच होती.

"मुंग्यांनी बी हलवलं असंल," ती केसरीनाथला म्हणाली. केसरीनाथ फरशीकडे बघत होता.

मधली काही रोपं तिने उपटून शेजारणीला दिली. दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये खाच दिसायला हवी होती. ती दिसली नाही. उरलेली रोपं थोडी विरळ होती आणि सगळीकडे सारखीच विरळ होती. कमळाने मनाशी हिशेब केला की आपण उपटलीच कमी असतील. मनाला पटवायचं असलं की माणूस फार हुशार होतो.

मग शुक्रवार आला. गाव गप्प झालं. कमळा झारी भरायला ड्रमपाशी वाकली आणि तिच्या तळपायांना काहीतरी लागलं. आवाज नव्हता तो, आवाजाच्या आधीचं काहीतरी होतं. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ठक. ड्रममधलं पाणी हललं. पाणी हललं की त्यात गोल वर्तुळं उठतात, हे कमळाने जन्मापासून पाहिलं होतं. या पाण्यावर एक सरळ रेघ उठली, एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे गेली, तिथे थांबली, आणि परत आली.

रात्री जेवताना तिने मनोजला सांगितलं. तो म्हणाला, "बायपासला ट्रक जातात, त्याचे हादरे असतील. आणि तुझे कान वाजतात, आई. एवढी वर्षं लूम ऐकलेत."

"पायांनी ऐकलं रे मी," कमळा म्हणाली. पण त्याचं लक्ष मोबाइलमध्ये होतं.

४

केसरीनाथने भरलेल्या पिशव्यांतली झेंडूची रोपं कुंडीत घ्यायची वेळ झाली. कमळाने एक पिशवी उलटी केली, तळावर थाप मारली आणि मुळांचा गड्डा हातावर घेतला.

मुळं पिशवीभर झाली की एकमेकांत गुंततात, त्यांचा गुंता होतो. हा गुंता नव्हता. हे कापड होतं. बारीक पांढरी मुळं उभी गेली होती आणि बारीक पांढरी मुळं आडवी गेली होती. एक वरून, एक खालून, एक वरून, एक खालून. कडेला किनार धरली होती. कमळाने बोट फिरवलं. त्या विणीत कुठे उंचवटा नव्हता, कुठे झोळ नव्हता. तिला भीती वाटायला हवी होती. तिला पहिल्यांदा वाटलं ते असं की हे किती सुंदर आहे.

तिने अब्दुर्रहमानभाईंना बोलावून घेतलं. ते आले, चष्मा वर केला, गड्डा उजेडात धरला. त्यांनी आधी नखाने किनार चाचपली, मग कापडाचा व्यापारी करतो तसं चिमटीत धरून चोळलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"सुभानल्ला," ते हळूच म्हणाले. "वहिनी, पन्नास वर्षं मी कापड बघतोय. असं नाही बघितलं. प्रत्येक विणकराच्या हाताला एक खोड असते, त्यावरून मी सांगतो कुणी विणलं. या हाताला खोडच नाही."

"मुळं हायत ती," कमळा म्हणाली. "झाडाची मुळं. हात कुठला?"

त्यांनी गड्डा दोन्ही हातांनी तिच्या हातात परत दिला, आणि निघताना शेडच्या दाराकडे पाठ करून गेले नाहीत. मागे मागे सरत गेले, दर्ग्यातून निघतात तसे.

त्यांना पोचवून कमळा आत आली तेव्हा तिला दिसलं की गड्डा काढताना एक मूळ तुटलं होतं. पिशवी जमिनीवर होती तेव्हा तिच्या भोकातून ते खाली फरशीच्या सांध्यात गेलेलं होतं. सांध्यातून त्याचं टोक वर आलं होतं, आणि गड्ड्याचं टोक ओट्यावरून लोंबत होतं. लग्नाआधी कमळा घरी बसून कांड्या भरायची. दिवसभर सूत गुंडाळायचं, तुटलं की जोडायचं. ज्यांनी ते केलंय त्यांच्या बोटांना तुटलेला धागा दिसतो आणि डोक्याला तो नंतर कळतो. तिने दोन्ही टोकं धरली, जिभेने ओली केली, आणि गाठ मारून मोकळी झाली. मारल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय केलं. जिभेवर मातीची चव नव्हती. तेलाची होती, लूमच्या तेलाची.

मागे खुर्ची करकरली. ती वळली. केसरीनाथच्या उजव्या हाताचा अंगठा मांडीवरून उचलला गेला, आणि परत खाली आला.

५

घरात दिवाळी झाली. मनोजने पेढे आणले. रीमाने तो अंगठा दाबून बघितला, "काका, पुन्हा करा," म्हणाली, आणि काकांनी पुन्हा केलं. "मी सांगत होते ना, काकी! माती!"

कमळा हसत होती, पेढे वाटत होती. पण तिने कुणाला काही सांगितलं नाही. काय सांगणार होती? की मुळाला गाठ मारली म्हणून नवऱ्याचा अंगठा हलला? लोकांनी तिलाच ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन दाखवलं असतं.

तिने स्वतःशीच खात्री करून घ्यायची ठरवली. जमिनीवरची दुसरी पिशवी उचलली. खालचं मूळ ताणलं आणि तुटलं. केसरीनाथचा अंगठा पडला. जोडलं, उठला. पुन्हा एकदा तिने तोडून बघितलं, आणि तेव्हा त्याच्या घशातून असा आवाज निघाला की तिने घाईघाईने ते परत जोडलं. त्यानंतर तिने एकही मूळ मुद्दाम तोडलं नाही. उलट जिथे जिथे सांध्यातून टोक वर आलेलं दिसेल तिथे ती गुडघ्यावर बसायची आणि जोडायची. पिशव्या फळीवरून जमिनीवर आल्या. मिरची, वांगी, झेंडू, तुळस, सगळ्यांची मुळं फरशीखाली गेली. रोपं उंच होईनात. पानं मात्र इतकी हिरवी झाली की बघताना डोळ्यांत पाणी यायचं.

अंगठ्यानंतर बोटं आली. मग मनगट. पावसाळा सरेपर्यंत केसरीनाथचा उजवा हात ओट्यावर डावीकडून उजवीकडे जायला लागला, आणि उजवीकडून डावीकडे. पुन्हा डावीकडून उजवीकडे. रीमाने त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला.

"काकींनी चमत्कार केलाय," ती म्हणाली.

कमळाला विचारावंसं वाटलं की तो हात पेला का उचलत नाही. बटण का लावत नाही. तिने एकदा त्या हातात स्वतःचा हात ठेवला होता. हात थांबला नाही. तिचा हात सोबत घेऊन डावीकडून उजवीकडे गेला, आणि काठाशी पोचल्यावर तिचा हात तिथे सोडून परत आला.

६

आणि तरी तो सुखात होता. हेच कमळाला सहन होईना. इतक्या वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला दमलेला पाहिला होता, चिडलेला पाहिला होता, लग्नात-हळदीत नाचतानाही पाहिला होता, पण असा कधी पाहिला नव्हता. सकाळी डोळे उघडले की तो दाराकडे बघायचा. शेडमध्ये खुर्ची ओट्याखाली सरकली की त्याच्या चेहऱ्यावरची वाकडी झालेली बाजू सरळ व्हायची. शुक्रवारी तर तो जेवायलाही घरात येत नसे. ओढलं तर रडायचा.

शुक्रवारी ती ठकठक जास्त जाणवायची. आता तळपायाला लागायची वाटही बघावी लागत नव्हती. बाहेर गाव निपचित पडलेलं असायचं, आणि शेडमध्ये एका संथ, प्रचंड कामाची चाहूल असायची. ठक. सगळी पानं एकदम एकीकडे व्हायची. ठक. सगळी दुसरीकडे. लूमला घाई असते, लूम मालकाचा असतो. याला घाई नव्हती. कमळा दारात उभी राहायची आणि तिला देवळात वाटायचं तसं वाटायचं, पण कुठल्याच देवळात तिला आपण इतके लहान आहोत असं वाटलं नव्हतं.

एका शुक्रवारी अब्दुर्रहमानभाई नमाजहून येताना कुंपणाशी थांबले. आत आले नाहीत.

"केसरी कसा आहे?"

"बरा हाय. हात हलतो."

"माझ्याकडे पण ऐकू येतं, वहिनी," ते म्हणाले. "जागा रिकामी आहे, नुसता खड्डा आहे तिथे. तरी येतं." मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "ती मुळं तोडून टाका. ज्याने अर्धं सोडलं त्याचं ते देणं, म्हणजे माझं. केसरीचं त्यात काय?"

"तोडलं तर हात जाईल त्यांचा."

"नाही तोडलं तर?"

ती घरात गेली. केसरीनाथचा शर्ट धुवायला काढला होता, तो तिने उगाचच हातात घेतला. गेल्या महिन्यात घेतलेला शर्ट, पण त्याला आता ढगळ व्हायला लागला होता. माणूस हसतोय, हात हलवतोय, आणि आत आत कमी होतोय, हे तिला एवढे दिवस दिसलं कसं नाही! तिला स्वतःचाच राग आला. हाताच्या लोभात तिने माणसाकडे बघितलंच नव्हतं. हात नको, ती मनाशी म्हणाली. मला तो खिडकीशी बसलेला, भिंत बघणारा बाप्याच बरा. निदान तो पुरा होता.

तिने शिलाईची मोठी कात्री घेतली आणि परसात आली.

७

टळटळीत दुपार होती. पारदर्शक पत्र्यातून ऊन सरळ खाली येत होतं. केसरीनाथ ओट्याशी बसला होता आणि हात जात होता, येत होता.

"अवो, जरा मागं व्हा," कमळा म्हणाली. तो हलला नाही, म्हणून ती वाकून ओट्याखाली शिरली.

त्याच्या पायांशेजारची फरशी सैल होती. तिने सांध्यात खुरपं घातलं आणि उचलली. खाली भरणी असायला हवी होती, नवशाने चोपलेली काळी माती. माती नव्हती. पांढरं काहीतरी होतं, पातळ, ताणलेलं, आणि त्यातून उजेड आरपार खाली जात होता. कमळाने तोंड जवळ नेलं.

ते खाली होतं. किती खाली ते तिला सांगता आलं नसतं. एका कापडाखाली दुसरं, त्याखाली तिसरं, विहिरीत वाकून बघावं तशी ती खोली, आणि ती विहिरीसारखी अरुंद नव्हती. ती शेडच्या भिंतीखालून पलीकडे जात होती, घराखालून, गल्लीखालून, जिथवर उजेड पोचत होता तिथवर ती वीण गेलेली होती, आणि उजेड संपला तिथेही ती संपलेली नव्हती. ठक. सगळं एका धाग्याने पुढे सरकलं. कमळाच्या छातीतला श्वासही सरकला. तिला ओरडायचं होतं आणि तिच्या तोंडून शब्द आला तो "आई गं," तोही अगदी हळू, लहान मूल पहिल्यांदा समुद्र बघताना म्हणतं तसा.

मग तिला त्याचा पाय दिसला. उजवा पाय, अनवाणी, खुर्चीच्या पाय ठेवायच्या पाटीवरून खाली उतरलेला. टाच जमिनीला टेकलेली नव्हती. टाचेपासून त्या कापडापर्यंत केसांहून बारीक पांढरे तंतू गेलेले होते, असंख्य, उन्हात चमकणारे, आणि ते हळूहळू खाली चालले होते. बीमवरून सुटणाऱ्या धाग्यांसारखे.

तिने कात्री उघडली. पाती तंतूंच्या दोन्ही बाजूंना नेली. आणि कुणीतरी तिचं मनगट धरलं.

पकड हलकी होती. कोमट होती. कमळाने मान वर केली. ओट्याच्या कडेवरून केसरीनाथ वाकला होता, आणि आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच तो तिच्याकडे बघत होता, तिच्या मागे कुठेतरी नाही, तिच्याकडे. धरलं होतं ते उजव्या हाताने.

"थांब गो," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता. थोडा घोगरा, पण त्याचाच. "जरासाच रायलाय."

वर्षभर त्या आवाजासाठी तिने नवस केले होते. तिच्या हातातून कात्री गळली. ती ओट्याखालून बाहेर आली, त्याच्यासमोर उभी राहिली, आणि तिला रडू आवरेना.

"कोनासाठी?" तिने विचारलं. "अवो, कोनासाठी चाललंय ह्ये?"

केसरीनाथने उजवा हात उचलला, सहज, तरुणपणी उचलायचा तसा. तिच्या डाव्या खांद्याच्या टोकावर अंगठा टेकवला, बोटं ताणली, आणि करंगळी जिथे पोचली तिथे पुन्हा अंगठा ठेवला. एक वीत. दुसरी वीत. उजव्या खांद्याच्या टोकाशी तो थांबला, ओठ हलवून काहीतरी ध्यानात ठेवल्यासारखं केलं, आणि मग खांद्यापासून खाली, सावकाश, टाचेच्या दिशेने, वीत वीत उतरायला लागला.

ठक, खालून आलं. सगळी पानं एकीकडे झाली.

त्याच्या हाताचा स्पर्श किती मऊ होता! कमळाने डोळे पुसले, पदर बाजूला केला, आणि माप चुकू नये म्हणून ताठ उभी राहिली.